पांढऱ्या पेशी वाढल्या, पण पोचल्या कुठं?

प्रश्न: जी प्रोटीन रोगप्रतिकारक पेशींवर नियंत्रण कसं ठेवतं? पुस्तकात नुसते बाणच बाण आहेत, डोक्यात काही शिरत नाही.

बाण ठेवा बाजूला. जी प्रोटीन म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन. मी नागपुरात, धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मलाही हे पुस्तकातून कळलं नव्हतं, एका स्लाइडवरून कळलं.

दोन महिन्यांचं बाळ, खोकून खोकून निळं पडायचं. पांढऱ्या पेशी 42,000, त्यात बहुतेक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). एवढा आकडा दिसला की आधी ल्युकेमियाच (रक्ताचा कर्करोग) आठवतो, पोटात गोळाच आला. स्लाइड लावली. ब्लास्ट, म्हणजे अर्धवट वाढलेली पेशी, एकही नाही. लहान, पूर्ण वाढलेल्या पेशी, आणि कित्येकींच्या केंद्रकाला कॉफीच्या बीसारखी खाच. आमच्या मॅडमनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं, डांग्या खोकला असेल. लस झाली का विचार." दीड महिन्याचा डोस राहून गेला होता.

ह्या पेशी मुख्यतः वाढल्या नव्हत्या, रक्तात अडकल्या होत्या. एरवी लिम्फोसाइट लिम्फ नोडमधल्या (रोगप्रतिकारक पेशी जमतात त्या ग्रंथीतल्या) रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळत जाते. भिंतीवर केमोकाइनचे, म्हणजे पेशींना वाट दाखवणारे, रेणू असतात. पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेला रिसेप्टर (निरोप पकडणारं प्रथिन) ते पकडतो आणि आतल्या जी प्रोटीनला जागं करतो. त्याचे तीन भाग: अल्फा, बीटा, गामा. अल्फा जीडीपी नावाचा छोटा रेणू सोडून जीटीपी हा दुसरा घेते, म्हणजे चालू होते, आणि बीटा-गामाच्या जोडीपासून सुटते. मग पुढची साखळी हलते, पेशी भिंतीला घट्ट चिकटते आणि फटीतून आत शिरते.

डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष नेमकं इथं नडतं. केमोकाइनचा रिसेप्टर जागं करतो ते जी प्रोटीन 'जीआय' जातीचं; विष त्याच्या अल्फाच्या टोकाला एडीपी-रायबोज नावाचा रेणू चिकटवून ठेवतं. रिसेप्टर बिचारा ओरडतो, आत ऐकायलाच कुणी नाही. पेशी घरंगळते, पण थांबत नाही. ह्या विषाचं जुनं नावच मुळी 'लिम्फोसाइट वाढवणारा घटक' असं होतं.

बंद होणंही तितकंच गरजेचं. अल्फा जीटीपी स्वतःच तोडते आणि बंद होते, आरजीएस नावाची प्रथिनं ते काम झटपट उरकवतात. न्यूट्रोफिल (जंतू गिळणारी पांढरी पेशी) जंतूच्या मागे धावतो तेव्हा त्याला क्षणाक्षणाला दिशा बदलावी लागते, जुना निरोप रेंगाळला तर तो भरकटेल. (वास ओळखणारे नाकातले रिसेप्टरही ह्याच कुळातले. तर्री पोह्याच्या वासानं सकाळी पाय ठेल्याकडे वळतात, ते काही उगाच नाही.)

सगळी जी प्रोटीनं 'चल' म्हणत नाहीत. 'जीएस' जातीचं पेशीत सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं आणि टी पेशीला (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) सहसा शांत करतं. अ‍ॅडिनोसिन आणि प्रोस्टाग्लँडिन ई2 हे रेणू ह्याच वाटेनं जातात. गाठीतल्या कर्कपेशी अ‍ॅडिनोसिनचा आडोसा घेतात तोही असाच, टी पेशींना शांत करून.

आणि एक उलटी गोष्ट. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं (रोगप्रतिकारक पेशी मेंदू-मज्जारज्जूवरच हल्ला करतात तो आजार) फिंगोलिमोड हे औषध, अमेरिकेत 2010 साली मंजूर झालेलं, लिम्फोसाइटवरचा एस1पी ह्या रेणूचा रिसेप्टर पेशीच्या आत ओढून घ्यायला लावतं. लिम्फ नोडमधून बाहेर पडायचा निरोप ह्याच रिसेप्टरला मिळतो, तोही जीआयमार्फत. तो नाही, तर पेशी आतच कोंडतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट अगदीच कमी आले, तर नमुना पुन्हा मागवण्याआधी मी पेशंटला फोन करून विचारते, "काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"