दाढ, गुंगी आणि सोसायटीचं खजिनदारपद

तुम्ही कोपरखैरण्याहून लिहिलंय की खालची डावी अक्कलदाढ आडवी आलीये, दोनदा सूज येऊन गेली, दोनदा खुर्चीत बसून उठून आलात, आणि आता डॉक्टर सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, देऊन काढू म्हणतायत. तुमची शंका अशी की मध्येच जाग आली तर? आणि आई म्हणतात, एका दाढेसाठी एवढी भूल कशाला?

दोनदा पळालात, काही विशेष नाही. मी पाचदा पळालोय. शेवटच्या वेळी डॉक्टर हात धूत होते आणि मी गळ्यात अडकवलेला निळा कागद तसाच घेऊन जिना उतरलो. भर दुपारी ठाण्याच्या गोखले रोडवरून छातीवर तो कागद मिरवत जाणारा बाप्या कधी पाहिला असेल तर तो मीच. तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट भूल म्हणतो. हिरडीत सुई टोचून तेवढाच भाग बधिर करतात ती भूल, शिरेतून औषध देऊन गुंगी आणतात तीही भूल, आणि ऑपरेशन थिएटरात पूर्ण बेशुद्ध करतात तीसुद्धा भूल. तुमच्या आईंच्या डोळ्यांसमोर तिसरी आहे, डॉक्टर बोलतायत दुसरीबद्दल, आणि दुखू न देण्याचं काम करणार आहे पहिली. गुंगीत माणूस जागाच असतो. तोंड उघडा म्हटलं की उघडतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो. त्यामुळे मध्येच जाग यायची भीती नको, मुळात झोपवलेलंच नसतं. मात्र जे चाललंय त्याचं आपल्याला काही वाटत नाही. वरच्या मजल्यावर कुणी लाद्या फोडतंय आणि आपण दुपारचे लोळत पडलोय, तसं.

आणि हे नीट ध्यानात ठेवा, कारण इथेच लोक फसतात: दाढेसाठी दिलेल्या गुंगीत दुखणं मरत नाही. हिरडीतलं इंजेक्शन तरीही द्यावंच लागतं. गुंगीमुळे ते इंजेक्शन घेण्याइतके आपण खुर्चीत टिकतो.

माझ्या भीतीला कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. पंधराव्या वर्षी गाल सुजलेला असताना तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात माझी दाढ काढली. इंजेक्शन दिलं, पण त्याने काही बधिर झालंच नाही. मी ओरडलो तर डॉक्टर म्हणाले, मुलीसारखा काय रडतोस, आणि कंपाउंडरने डोकं धरलं. पुढची तीस वर्षं मला वाटायचं की मीच भित्रा. ठाण्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा नीट समजावलं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यात बधिर करणाऱ्या औषधाचा जो भाग नसेत शिरायला हवा तोच कमी पडतो. म्हणून अशा वेळी बहुतेकदा आधी सूज उतरवतात, गरज असेल तर पू काढून टाकतात, किंवा इंजेक्शन सुजेपासून लांब, नस जिथून येते तिथे देतात. म्हणजे मला खरंच दुखलं होतं! हे ऐकून मी त्या खुर्चीत डोळे पुसले, लाज न वाटता. तुम्हाला सूज येऊन गेलीये म्हणून हे मुद्दाम सांगतोय. सूज असताना घाई करू नका, आणि डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

मधल्या वर्षांत मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. एका बाजूने जेवलो. लवंगा चघळल्या. दुखीच्या गोळ्या इतक्या खाल्ल्या की पित्त कायमचं मागे लागलं. आणि सर्वात मोठा मूर्खपणा: नेरुळच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली होती, तर जायच्या आधी सासऱ्यांची झोपेची गोळी मागून घेतली. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली, खिडकी मिळाली, आणि जाग आली ती पनवेलला. वेळ चुकली म्हणून मनातून आनंदच झाला, पण तो निव्वळ नशिबाचा भाग. अल्प्राझोलॅम, डायझेपॅम या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे ती उगीच नाही. दारू किंवा दुसरं गुंगीचं औषध पोटात असेल तर त्या श्वास मंदावतात. रात्री झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली तर वेगळी गोष्ट. अशी घेतली असेल तर भूलतज्ज्ञाला सांगायचंच.

मला नीट समजावणाऱ्या ठाण्यातल्या त्या डॉक्टरबाई नौपाड्यातल्या, ओरल सर्जन, म्हणजे तोंडाच्या-जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या. पहिल्या भेटीत म्हणाल्या, आज मी हत्यार हातातच घेणार नाही, तुम्ही फक्त तोंड उघडून दाखवा. ओपीजी काढून आणायला सांगितला, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एकच एक्सरे. त्यात खालच्या जबड्यातली नस दिसते आणि दाढेची मुळं तिच्यापासून किती लांब आहेत ते कळतं. खूण ठरली: डावा हात वर केला की त्या थांबणार, कारण विचारणार नाहीत. पुढच्या भेटीत दात साफ करताना मी मुद्दाम दोनदा उगाचच हात वर करून पाहिला. दोन्ही वेळा थांबल्या. त्या दिवशी माझी निम्मी भीती गेली, आणि तोवर गुंगीचं औषध मी पाहिलंही नव्हतं.

ती सफाई लाफिंग गॅसवर झाली. नाकावर छोटा मुखवटा, त्यातून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन. हसू वगैरे काही येत नाही. बोटांना मुंग्या येतात, खांदे सैल पडतात. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की डोकं स्वच्छ. हा वायू दातासाठी पहिल्यांदा वापरणारा होरेस वेल्स स्वतः दंतवैद्य, आणि पहिला रुग्णही तोच: ११ डिसेंबर १८४४ ला अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये त्याने गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बोस्टनला लोकांसमोर प्रयोग केला तर रुग्ण ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. एकट्या गॅसवर भिस्त ठेवली की असं होतं. तेव्हा हिरडी बधिर करायचं इंजेक्शनच नव्हतं, बिचाऱ्याचा काय दोष? नाक चोंदलेलं असेल तर गॅसचा उपयोग नाही, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत शक्यतो टाळतात, आणि बी-१२ कमी असेल तर आधी सांगा, कारण हा वायू नेमका त्या जीवनसत्त्वावर घाव घालतो. आपल्या शाकाहारी घरांमध्ये बी-१२ ची कमतरता किती जणांना असते ते तुम्हाला माहीतच आहे.

माझ्या आडव्या दाढेला मात्र गॅस पुरेल असं मला वाटेना. म्हणून शिरेतून मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध. त्यासाठी वेगळे भूलतज्ज्ञ येणार होते, आणि माझा सगळ्यात ठाम आग्रह इथेच आहे. दाढ काढणारा माणूस दाढेकडे बघतो, श्वासाकडे बघायला दुसरा माणूस हवा. बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि गुंगी उतरवणारं औषध, फ्लुमाझेनिल, दवाखान्यात आहे का हे फोनवरच विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. मी सकाळी सवयीने कप हातात घेतला होता, बायकोने तो काढून घेतला. वेळ सकाळची घ्या. दिवसभर उपाशीपोटी घाबरत बसणं हे त्या दाढेपेक्षा वाईट. नखांना नेलपॉलिश नको, क्लिपला नीट वाचता येत नाही. घोरत असाल, दमा असेल, ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर सगळं सांगा, पण ते औषध आपल्या मनाने बंद करू नका.

हाताच्या मागे सुई गेली, भूलतज्ज्ञ थोडं थोडं औषध सोडत होते आणि मला कामाबद्दल विचारत होते. मी वाशीच्या मार्केटमध्ये नोकरीला. मी म्हणे त्यांना कांद्याचा भाव सांगितला, तीनदा, आणि तीनही वेळा वेगळा. मला त्यातलं एकदाचंही आठवत नाही. त्या औषधाचा हा गुणच आहे, पुढचा काही वेळ मनात उमटत नाही. आपल्या भाषेत भूल म्हणजे विसर पडणंही, तो अर्थ त्या दिवशी कळला. मला आठवतं ते असं: छतावरचा दिवा, ओठ जाड झाल्यासारखा, जबड्यातून करकर असा एक आवाज (हाडातून येतो म्हणून मोठा वाटतो), आणि मग बायको म्हणतेय, चला, झालं. मला वाटलं दहा मिनिटं. घड्याळात पाऊण तास झाला होता.

गुंगी नसताना नुसत्या इंजेक्शनवर काढायची वेळ आली, तर एक गोष्ट माहीत असू द्या. त्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रिनलिन असतं. दिल्यावर मिनिटभराने छाती धडधडते. मला पूर्वी वाटायचं की आता मी गेलोच, आणि मी उठायचो. ती धडधड औषधाची असते, दोनचार मिनिटांत ओसरते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे पाचातले दोन पळपुटेपणा वाचले असते. आणि गुंगी असो वा नसो, ओढल्याचा, दाबल्याचा भास होतोच. तो दुखणं नव्हे. धारदार कळ आली तर मात्र हात वर.

परत जाताना सोबत मोठं माणूस हवंच. लोकल नाही, दुचाकीच्या मागेही नाही. आम्ही रिक्षाने घोडबंदर रोडला आलो. तिथल्या खड्ड्यांबद्दल मी इथे बोलत नाही, बोळा दाबून धरलेला असताना जे मनात आलं ते लिहिण्यासारखं नाही. चोवीस तास गाडी चालवू नका, कशावर सही करू नका, आणि मोबाइल दुसऱ्याकडे द्या. मी दिला नाही. त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर खजिनदार कोण होणार अशी विचारणा झाली आणि मी होकाराचा अंगठा टाकला. दोन वर्षं हिशोब लिहितोय.

बाकी काळजी नेहमीचीच: बोळा अर्धापाऊण तास दाबून धरा, पहिल्या दिवशी चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून येते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. मी दोन दिवस थंड दहीभात आणि गार झालेली मऊ खिचडी खाल्ली. तंबाखू-मिश्री घरात कुणी देऊ केली तरी नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत चढलं तर ड्राय सॉकेट (खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून आतलं हाड उघडं पडणं) असू शकतं, थेट डॉक्टरकडे.

आईंना सांगा, भीती मोजून औषध निवडतात, दाढ मोजून नव्हे. खर्चाचा त्यांचा मुद्दा असेल तर तो खरा आहे, भूलतज्ज्ञाची फी वेगळी पडते. आधी आकडा विचारून घ्या. तुमच्या बाजूला नेरुळ, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत, तिथे ओरल सर्जरीचा वेगळा विभाग असतो. गुंगीची सोय आहे का आणि भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात हे तिथेही विचारा.

माझी दुसरी बाजूची दाढ गेल्या वर्षी काढली, नुसत्या इंजेक्शनवर. घाम फुटला, हात दोनदा वर गेला, पळालो नाही. भीती गेलीये असं म्हणणार नाही, आजही तो ड्रिलचा आवाज आला की पायाची बोटं आवळली जातात.

फोन कराल तेव्हा वेळ मागायच्या आधी एवढंच म्हणा: मी दोनदा उठून गेलेली पेशंट आहे, पहिल्या भेटीत फक्त बोलायचंय. समोरून काय उत्तर येतं ते इथे कळवा.