उत्तराची सुरुवात ‘हो’ने कर

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. हिंजवडीत कुणी ‘तू कर्नाटकातला ना?’ म्हणून विचारलं की तू ‘नाही नाही, आम्ही मराठीच’ म्हणतोस आणि मग रात्रभर ते मनात सलत राहतं, असं लिहिलंयस. सलतं हे बरं आहे. सलत नसतं तर मी खुशालीच्या दोन ओळी पाठवून मोकळा झालो असतो.

उत्तराची सुरुवात ‘हो’ने कर. ‘हो, कर्नाटकातला. बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका, घरची भाषा मराठी.’ बस्स. यात खोटं काय आहे? मग ‘नाही’ कशाला? समोरच्याला पटकन पटावं म्हणून आपण आपला अर्धा मुलूख टाकून देतो, आणि टाकलेलं परत उचलायला गेलं की कुणाकडे मागायचं तेच कळत नाही.

तू म्हणशील, काका, तुम्हीच की दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालता. चालतो. पुढच्या वर्षीही चालणार. १९५६ साली याच दिवशी मुंबई राज्यातला आपला भाग म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) घातला तो आपल्या माणसांच्या मनाविरुद्ध, हे मी शेवटपर्यंत म्हणत राहीन. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. मराठी शाळा टिकली पाहिजे, सरकारी कागद मराठीतूनही मिळाला पाहिजे, ही मागणी सोडायची नाही. पण हक्क मागणाऱ्याने शेजाऱ्याच्या भाषेची, इथल्या मातीची लाज धरावी, असं तुला कुणी शिकवलं? मला जमिनीचा उतारा कानडीत मिळतो. मराठीत द्या म्हणून मी अर्ज करतो, आणि हातात आलेला कानडी उतारा स्वतः वाचतोही. साठी उलटल्यावर ती अक्षरं गिरवायला बसलो तेव्हा आपल्यातल्याच काहींनी तोंड फिरवलं. फिरवू देत. स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस तलाठ्यापुढे काय बोलणार? मी केलं ते योग्यच केलं, आज पुन्हा करायची वेळ आली तरी हेच करीन.

‘हो’ म्हणायला मात्र पोटात माहिती लागते. ती तुझ्याकडे नाही, आणि त्याचा मला राग येतो. सुट्टी संपवून जाताना तू कुंद्याचे डबे नेतोस, ऑफिसात वाटतोस, झाली बेळगावची ओळख! रायगड पाहिलास, अजिंठा पाहिलास, फार चांगलं केलंस. हलशी पाहिलीस? आपल्याच तालुक्यात आहे. कदंबांची दुसरी राजधानी होती ती, पलाशिका म्हणायचे तिला. भूवराह नरसिंहाचं देऊळ अजून उभं आहे. नंदगडात १८३१ साली इंग्रजांशी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं, तिथून तुझी एसटी रोज जात होती. कित्तूरची राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढली ती १८२४ मध्ये, सत्तावन्नच्या कितीतरी आधी. हे कानडी लोकांचं म्हणून सोडून द्यायचं का? आपल्या गावाशेजारी घडलेलं आपलं नाही तर कुणाचं?

आणि मलप्रभा. कणकुंबीला उगम पावते, खानापुरावरून पुढे जाते, सौंदत्तीजवळ तिला धरण आहे, आणि मग पट्टदकल्ल, ऐहोळेची देवळं पाहत कूडलसंगमला कृष्णेत मिळते. तू लहानपणी जिच्यात पोहलास ती नदी बाबा! ऐहोळ्याला मेगुतीच्या देवळात ६३४ सालचा शिलालेख आहे. बदामीच्या चालुक्य राजाची, दुसऱ्या पुलकेशीची, प्रशस्ती आहे ती, आणि तिच्यात ‘तीन महाराष्ट्रकां’वर त्याची सत्ता असल्याचं कोरलेलं आहे. राज्य बदामीचं, प्रजेत महाराष्ट्र. तू मात्र कॅन्टीनमध्ये दोन्हींतलं एक निवडायला बसलायस.

ज्या पुण्यात तुला संकोच वाटतो, त्याच पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. सवाई गंधर्व कुंदगोळचे, धारवाडजवळचे. गुरूच्या नावाने तो महोत्सव उभा केला भीमसेन जोशींनी, ते गदगकडचे. पुणेकर थंडीत शाली गुंडाळून रात्र रात्र ऐकत बसायचे ते याच मुलखाचं गाणं. म्हणून सांगतो, ‘हो’ म्हण.

‘मी काम केलो’ म्हटल्यावर तुझ्या टीममधले हसले, हेही लिहिलंयस. हसले तर हसले. कामाच्या मेलमध्ये लिहायचं तसं लिही. पण आईशी फोनवर पुणेरी बोलायला लागलायस, ते बंद कर. तिने मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

माझी दोन्ही मुलं ठाण्यात वाढली. गाव कुठलं विचारलं की ‘कोल्हापूर साइड’ सांगतात, माझ्यासमोर. काळजात चर्र होतं. नोकरी, भाड्याची खोली, शाळेची फी, यातून दर मे महिन्यात मी त्यांना गावी आणत होतो. काजूच्या बिया भाजून दिल्या, जांबोटीचं जंगल दाखवलं, आजीजवळ झोपवलं. याहून बापाने काय करायचं असतं ते मला अजून समजलेलं नाही. तुझ्यावर मी इतका ओरडतोय त्यात त्यांच्या वाट्याचंही थोडं आहे, हे तू समजून घेशील.

दिवाळीला येशील तेव्हा चार दिवस जास्तीचे काढ. भाऊबीज झाली की निघू. आधी हलशी, मग सौंदत्ती, बदामी, पट्टदकल्ल, ऐहोळे. कानडी अक्षरओळखीचं पुस्तक तुझ्या आईकडे देऊन ठेवलंय, ती पार्सलने पाठवील. बसवरच्या पाट्या तू वाचायच्यास, मी तोंड उघडणार नाही. रजेचा अर्ज या आठवड्यातच टाक आणि मंजूर झाला की फोन कर, गाडी मला आधी सांगून ठेवावी लागते.

तुझा,
काका