चुकीच्या मापाची हॉट रॉड किट : वाचकांचे प्रश्न

१९३२ च्या फोर्डच्या हॉट रॉडची (वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाडीची) दोन जुनी प्लास्टिक मॉडेल किट आहेत. एकाची बॉडी दुसऱ्याच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बसतच नाही. चुकीचं कुठलं? (नाशिक)

बहुधा दोन्ही बरोबर असतील, फक्त स्केल (मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्शाचं, ते) वेगळं असणार. एएमटी कंपनीची बहुतेक किट १/२५ ची, मोनोग्राम कंपनीची १/२४ ची. व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) घ्या आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. खऱ्या गाडीत हे अंतर १०६ इंच आहे. १/२५ मध्ये ते १०७.७ मिलिमीटर भरतं आणि १/२४ मध्ये ११२.२. साडेचार मिलिमीटरचा फरक पुट्टीने झाकता येत नाही, तेव्हा बॉडी आणि चासी एकाच स्केलची ठेवा. चाकं खुशाल अदलाबदल करा, १६ इंची रिममध्ये पाऊण मिलिमीटरचाही फरक पडत नाही.

१/२५ वाल्यांची एक मोठी सोय आहे. खऱ्या गाडीतला एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ नेमका एक मिलिमीटर. पुढची सगळी मापं त्याच हिशेबाने सांगतो.

तीन खिडक्यांच्या कूपेचा (दोन दारांच्या बंद गाडीचा) टप बसका वाटतो. किट चुकलंय, की टप मुद्दाम कापलेला दिलाय? आणि दुरुस्त कसा करू? (पुणे)

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दाराची फट जराशी चुकली तर चालून जातं, पण टपाची रेषा चुकली की गाडी ओळखू येत नाही.

टप कापण्याची पद्धत दक्षिण कॅलिफोर्नियातली. मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणारी पोरं हवेचा अडथळा कमी करायला खिडक्यांच्या खांबांमधून दोन-चार इंच काढून टाकत आणि टप खाली बसवत. म्हणजे त्यात खिडकीची उंची कमी होते. टपाचा वरचा घुमट मूळचाच राहतो. तुमच्या किटमध्ये खिडक्या बुटक्या आणि घुमट नीट गोलसर असेल, तर तो कापलेला टप आहे. घुमटच चपटा असेल, तर साचा चुकलाय.

खात्रीसाठी न कापलेल्या गाडीचा, लांबून आणि बरोबर बाजूने काढलेला फोटो शोधा. जवळून काढलेल्या फोटोत मापं फसवतात. फोटोत चाकांमधलं अंतर १०६० पिक्सेल आलं, तर एका इंचाला दहा पिक्सेल. आता खिडकीची उंची इंचात काढा आणि मॉडेलशी ताडून बघा.

टप उचलायचा असेल तर बारीक दातांच्या करवतीने खांब सरळ भागात कापा आणि जेवढा उचलायचा तेवढ्याच जाडीची स्टायरीनची (प्लास्टिकची) पट्टी मध्ये घाला. खाली घेणं जास्त अवघड. पुढचे खांब मागे कललेले, मागची बाजू पुढे कललेली, त्यामुळे तीन मिलिमीटर काढून टप खाली ठेवला की तो दोन्ही टोकांना अपुरा पडतो. तिथे खांब दाबून, ओढून चिकटवू नका, रंगानंतर तडा जातो. टप आडवा कापून मध्ये पट्टी घाला. १९३२ च्या टपात मधोमध कापडी भाग होता (फोर्डच्या कूपेला पूर्ण पोलादी टप १९३७ मध्ये आला), म्हणून सांध्याचा बराचसा भाग त्या कापडाखाली जातो. सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) पूर्ण दिवसभर वाळू द्या, मगच पॉलिश पेपर लावा.

पहिल्यांदाच कापत असाल तर १९२८-२९ ची मॉडेल ए घ्या. तिची काच जवळजवळ उभी असते, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

जुन्या किटमध्ये पुढच्या चाकांची लोखंडी तार इंजिनाच्या ब्लॉकमधून आरपार जाते. काय करावं? (सोलापूर)

मॉडेलची चाकं फिरावीत म्हणून ती सोय होती. तार काढा, ब्लॉकची भोकं प्लास्टिकच्या काडीने बुजवून घासून घ्या आणि एक्सलच्या दोन्ही टोकांना तारेचे आखूड तुकडे बसवा. हे करतानाच गाडीची बैठक ठरवा, कारण नाक दोन मिलिमीटर खाली गेलं तरी गाडीचा रागरंग बदलतो. मॉडेल काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि चारही चाकं टेकल्याशिवाय कायमचं चिकटवू नका.

फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८ (सपाट हेडचं आठ सिलिंडरांचं इंजिन) खरा वाटावा म्हणून काय काय तपासावं? (ठाणे)

आधी एक्झॉस्ट. या इंजिनाला प्रत्येक बाजूला चार सिलिंडर, पण ब्लॉकवर एक्झॉस्टची तोंडं तीनच, कारण मधल्या दोन सिलिंडरांचं तोंड एकच. चार नळ्या दिसल्या की समजा गडबड आहे. मग प्रत्येक हेडवरचे (सिलिंडरांवरच्या झाकणावरचे) स्टड, म्हणजे ते आवळणारे बोल्ट मोजा : १९३२ च्या इंजिनावर २१, १९३८ नंतरच्यावर २४. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) १९४९ च्या आधीच्या इंजिनांवर समोर, खालच्या बाजूला असतो. तो मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पडद्याजवळ) दिसला, तर कुणीतरी १९५५ नंतरच्या शेव्हर्लेच्या व्ही-८ वरून उचललाय. स्पार्क प्लगच्या तारा ओवण्याआधी हे बघून घ्या.

किटच्या भागांवरचा जाड क्रोम (चकचकीत मुलामा) कसा काढू? (कोल्हापूर)

घरातल्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवा, चमक उतरते. तो थर मुळात अॅल्युमिनियमचा असतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्या भांड्यात टॉयलेट क्लीनर किंवा अॅसिड चुकूनही पडू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. खालचा लॅकरचा थर उरला, तर निदान सांध्याच्या जागी तो खरवडा, नाहीतर सिमेंट धरत नाही.