हैदराबादला जाण्याआधी

प्रिय,

तुझा प्रश्न अगदी सरळ आहे. हैदराबादच्या बायोएशियाला, म्हणजे जैवतंत्रज्ञान आणि औषध उद्योगाच्या मेळाव्याला जायचं, की तेवढ्या पैशांत तुझ्या सिकलसेल चाचणीच्या पट्टीसाठी अँटीबॉडीची आणखी एक कुपी मागवायची? गाइडनी निर्णय तुझ्यावरच सोडलाय म्हणतेस. जा. फक्त ती कुपी सोडून आपण इथं आलोय, हे तिथं तासातासाला आठवत राहा.

मी पहिल्यांदा अशा मेळाव्याला गेले तेव्हा दोन्ही दिवस पहिल्या रांगेत बसून वही भरली आणि साठेक व्हिजिटिंग कार्डं जमवली. पुण्याला आल्यावर त्यांना रबर लावून ड्रॉवरमध्ये टाकलं. महिन्याभराने काढून बघते तर कुठल्या कार्डाला कुठला चेहरा, काही आठवेना. वहीत लिहिलेलं बहुतेक सगळं आधीच छापून आलेलं होतं. उद्योगातला माणूस मंचावर जे बोलतो ते त्याच्या वकिलांच्या हाताखालून गेलेलं असतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

अशा गाठीभेटींतून खरंच काही निघतं का, असंही तू विचारलंयस. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रिजच्या दारातली ती बाटली बघ. नोव्हेंबर १९७२ मध्ये होनोलुलूला प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर, अमेरिका-जपान परिषद भरली होती. स्टॅनली कोहेन यांच्याकडे प्लास्मिड जिवाणूत घालायची हातोटी होती. हर्बर्ट बॉयर यांच्याकडे इकोआर-वन हे एन्झाइम होतं. ते डीएनए कापतं आणि कापलेल्या जागी पुन्हा जोडता येतील अशी चिकट टोकं ठेवतं. एक स्टॅनफर्डचे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोचे, म्हणजे तासाभराच्या ड्राइव्हवर राहणारे. पण जुळलं ते निम्मा पॅसिफिक ओलांडल्यावर, वायकिकीतल्या एका साध्या खाणावळीत, रात्री सँडविच खाताना. पुढच्याच वर्षी जोडलेला डीएनए जिवाणूत वाढू लागला. १९७६ मध्ये बॉयर यांनी रॉबर्ट स्वॉन्सन यांच्याबरोबर जेनेन्टेक काढली, १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन करून घेतलं, आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी इन्सुलिन डुकरांच्या आणि गायीबैलांच्या स्वादुपिंडातून काढायचे.

दोघांकडेही अर्धंच होतं, आणि आपलं काय अडलंय हे दोघांनाही नेमकं ठाऊक होतं. तू तुझं अर्धं घेऊन जा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ओळखणारी तुझी पट्टी प्रयोगशाळेत छान चालते, पण तिला नंदुरबारच्या एखाद्या आरोग्य उपकेंद्राच्या पत्र्याखाली मे महिना काढायचाय. ४० अंशांत तीन महिने ठेवली की रेषा फिकी पडते, हे तूच मला दाखवलंस. पोस्टरवर ती फिकी रेषा मोठी करून लाव. नुसत्या ठसठशीत रेषा लावल्यास तर लोक ‘व्हेरी नाइस’ म्हणून पुढे जातील. फिकी दिसली की ज्याचे हात त्यातच पोळलेत तो थांबेल.

स्टॉलवर पुढं उभं राहून पेनं नि चॉकलेटं वाटणाऱ्यांशी फार बोलू नकोस. त्यांना कॅटलॉग पाठ असतो, बस्स. दुपारी चारनंतर जा, गर्दी ओसरलेली असते. मागे खुर्चीवर बूट सैल करून बसलेला प्रॉडक्शनचा किंवा क्यूसीचा, म्हणजे माल तपासणारा, माणूस दिसेल. त्याला एकच विचार, ‘तुम्ही कॉन्जुगेट, म्हणजे पट्टीवरची रंगीत कण जोडलेली अँटीबॉडी, कशी सुकवता?’ त्याचा अख्खा दिवस ‘ब्रोशर आहे का’ ऐकण्यात गेलेला असतो. तो खुलतो. नंतर त्याच्याच कार्डाच्या पाठीवर तो काय बोलला ते दोन शब्दांत लिहून ठेव.

आता जिभेवरच्या लगामाबद्दल. कोहेन-बॉयरच्या त्याच कामाची ही दुसरी बाजू. इतक्यात बोलायचं नाही असं दोघांत ठरलेलं असताना जून १९७३ च्या गॉर्डन परिषदेत बॉयर बोलून गेले. ऐकणाऱ्यांना अशा जोडलेल्या डीएनएच्या धोक्याची शंका आली, त्यांनी पत्र लिहिलं, आणि त्यातूनच पुढे १९७५ ची असिलोमारची बैठक आणि सुरक्षिततेचे नियम आले. म्हणजे भलंच झालं. पेटंटचं मात्र तसं नाही. शोधनिबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापला गेला. स्टॅनफर्डने पेटंटसाठी अर्ज केला तो, छापल्यानंतर अर्ज करायला अमेरिकेत मिळणारी वर्षाची सवलत संपायला आठवडा उरला असताना, आणि अमेरिकेबाहेरचा हक्क गेला तो गेलाच. आपल्याकडे तशी मोकळीक गृहीत धरू नकोस. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक, म्हणजे पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. पोस्टर त्यानंतर. मी एकदा बफरची, म्हणजे चाचणीत वापरायच्या द्रावणाची, अख्खी कृती पोस्टरवर छापली होती. एक गृहस्थ आले, शांतपणे फोटो काढला, ‘थँक यू’ म्हणाले आणि गेले. चूक सर्वस्वी माझी.

तिथं सिकलसेलवरच्या क्रिस्पर, म्हणजे जनुकात काटछाट करणाऱ्या, उपचाराचं कौतुक ऐकशील, आणि ते रास्तच आहे. क्रिस्परचं तंत्र घडवणाऱ्या जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंत्ये यांची पहिली भेटही २०११ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या एका परिषदेतच झाली होती. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत तो उपचार मंजूर झाला. अमेरिकेतली तेव्हाची किंमत २२ लाख डॉलर. टाळ्या तूही वाजव, पण त्या स्लाइडसमोर आपली पट्टी लपवू नकोस. गडचिरोलीतल्या पोराला आधी आपल्याला काय झालंय हे कळायला हवं, आणि त्या दालनात त्याच्या वतीने बोलणारं बहुधा कोणी नसतं.

पोस्टर कापडावर छाप. घडी करून सॅकमध्ये जातं, रात्रीच्या गाडीत नळी सांभाळत बसावं लागत नाही. चप्पल जुनी घाल. आणि परत आलीस की फोन कर. कॉन्जुगेट सुकवताना ते लोक कुठली साखर घालतात, ट्रेहॅलोज की सुक्रोज, आणि किती, एवढं कळलं तरी तिकिटाचे पैसे वसूल.

तुझी,
मावशी