कृष्णवर्णीय वकिलाचं कुटुंब दाखवणारी चांगली अमेरिकन विनोदी मालिका कोणती?

बेधडक 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' बघा. एनबीसीवर १९९० ते १९९६ चालली, सहा सीझन. फिलाडेल्फियातला विल लॉस एंजेलिसमधल्या श्रीमंत मावशीकडे राहायला येतो. मावशीचे यजमान फिलिप बँक्स, म्हणजे अंकल फिल, बडे वकील आणि पुढे न्यायाधीश.

विल स्मिथ स्टार झाला तो इथूनच, पण माझ्या मते मालिकेचा कणा अंकल फिलच. जेम्स एव्हरी यांनी त्यांना नुसतं रागीट, जाडजूड काका होऊ दिलं नाही.

पहिल्या सीझनमधला एक भाग तर चुकवूच नका. विल आणि मावसभाऊ कार्लटन, फिलच्या भागीदाराची मर्सिडीज घेऊन निघतात आणि पोलीस त्यांना गाडीचोर समजून अटक करतात. फिल ठाण्यात येऊन कायद्याच्या भाषेत पोलिसांना फैलावर घेतात. घरी आल्यावर मात्र कार्लटन पोलिसांचीच बाजू घेतो: इतकी हळू चाललेली गाडी तुम्हीही अडवली नसती का? फिल म्हणतात, मला पहिल्यांदा अडवलं तेव्हा मीही स्वतःला हेच विचारलं होतं. विनोदी मालिकेत असा प्रसंग इतक्या सरळपणे लिहिलेला मी क्वचितच पाहिलाय.

कोर्टातले खटले मात्र फारसे नाहीत, भर घरावरच आहे.