रविवारी उपासना, मग सोमवारी काय?

सलाम. तुमचा प्रश्न असा आहे: "मी बँकेत कॅश काउंटरवर असतो. दर रविवारी उपासनेला जातो, दानार्पण करतो, पण सोमवारी कामावर बसलो की माझ्यात आणि इतरांत काहीच फरक दिसत नाही. ख्रिस्ती विश्वास रोजच्या जगण्यात उतरवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?"

मी सव्वीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी सरकारी रुग्णालयाच्या पुरुषांच्या वॉर्डात गेली. या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं, आणि मिळालं तेव्हा मान खाली घालावी लागली. म्हणून तेच आधी सांगते.

सरकारी वॉर्डात रोग्याचं निम्मं काम नातेवाईक करतात हे तुम्ही पाहिलं असेल. पाणी पाजणं, अंग पुसणं, कूस बदलणं. ज्याच्या उशाशी कोणी नाही, त्याचे हाल होतात. असेच एक आजोबा पोलिसांनी रस्त्यावरून आणून दाखल केले. अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली, खिशात कागदाचा कपटाही नाही. केसपेपरवर 'अनोळखी पुरुष' आणि आमच्या तोंडी 'चौदा नंबर'. अशा रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर एकाच जागी दाब पडून बेडसोअर, म्हणजे जखम होते. वॉर्डात साठ रोगी आणि आम्ही दोघी. तेरा नंबरचा मुलगा ऊठसूट डॉक्टरांकडे तक्रार करायचा, त्यामुळे त्याच्या वडिलांची चादर वेळेवर बदलली जायची. चौदा नंबरची तक्रार कोण करणार?

एका रविवारी सकाळी मी चर्चच्या मंडळीत उभी राहून साक्ष दिली, म्हणजे आपला अनुभव सर्वांसमोर सांगितला, की प्रभूने मला सेवेसाठी निवडलं. दुपारी दोनला ड्युटीवर आले. आजोबांना वळवलं तर माकडहाडाशी तळहाताएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. चार्टवर मात्र दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या होत्या. त्यातल्या तीन माझ्या होत्या.

बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय मला संडेस्कूलपासून पाठ आहे, पण कळला त्या संध्याकाळी. मी भुकेला होतो, आजारी होतो, तेव्हा तुम्ही काय केलंत, एवढंच तिथे विचारलंय. किती प्रार्थना केल्या, किती गीतं म्हटली, याची चौकशीच नाही. आणि ज्यांनी केलं त्यांना ते आठवतही नाही, 'प्रभू, आम्ही हे कधी केलं?' असं तेच उलट विचारतात. मला तर माझी साक्ष शब्दन्‌शब्द आठवत होती.

इन्चार्ज सिस्टरना जाऊन सांगितलं की त्या सह्या खोट्या आहेत. बोलणी बसली, आणि ती बसायलाच हवी होती. त्या दिवसापासून ड्युटीवर आले की पहिलं काम चौदा नंबरचं, मग बाकीची. जखम भरायला दोन महिने लागले. त्यांचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांना 'बाबा' म्हणायला लागले, तशा वॉर्डातल्या मावशीही बाबा म्हणू लागल्या.

तेव्हा माझं उत्तर हे: ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, असा माणूस तुमच्या कामात कुठे बसलाय ते बघा. तुमचा विश्वास तिथे लागू पडतो. बाकी ठिकाणी साहेबाची भीती आणि लोकलाज आपल्याकडून काम करून घेतेच.

आमच्या लोकांत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "आपण काय पंडिता रमाबाई आहोत का?" 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. त्या बायकांना शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. बाईंची मुलगी मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल शिकवलं. बायबलचं मराठी भाषांतर बाईंनी साध्या बायकांना समजेल अशा भाषेत केलं, आणि त्याचे खिळे मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले. खिळे जुळवणं म्हणजे एकेक अक्षर उचलून ओळीत बसवायचं, दिवसभर, वर्षानुवर्षं.

माझी आई मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी काढलेल्या दवाखान्यात आया होती. 1894 सालचा तो दवाखाना. थंडीच्या दिवसांत रोग्याला बेडपॅन देण्याआधी आई त्यावर तांब्याने गरम पाणी ओतायची, मग फडक्याने कोरडं करून द्यायची. लोखंड गार असतं, आधीच दुखण्यातला माणूस दचकतो, म्हणायची. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि तिने कुठे साक्षीत सांगितलं नाही. वाचता येत नव्हतं तिला. विश्वास कृतीत उतरवणं म्हटलं की मला आधी तो तांब्या दिसतो.

एक मात्र करू नका. अडचणीत असलेल्या माणसाला मदत करता करता धर्म सांगू नका. खाटेवरचा रोगी उठून जाऊ शकत नाही, काउंटरपलीकडच्या माणसाचं तुमच्याकडे काम अडलेलं असतं. त्याने आपणहून विचारलं तर मनापासून बोला, प्रार्थना मागितली तर करा. एरवी मी मनातच करते.

घरचंही बघावं लागतं. कामवाल्या ताईंचा पगार एक तारखेला द्यायचा, त्या आजारी पडल्या तर खाडा कापायचा नाही. आधी तो पगार, मग दशांश (मिळकतीचा दहावा भाग चर्चला देतो तो), असं आमच्या घरी चालतं. आमच्या चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना) मी हे सांगितलंय, त्यांनी मान डोलावली.

आता तुमचा काउंटर. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आले का बघायला कुठल्यातरी वस्तीवरून एसटीने आलेली आजी तुमच्या रांगेत असणारच. तिला स्लिप भरता येत नाही, मागचे लोक चुळबुळ करतात, आणि "आले नाहीत, पुढच्या आठवड्यात या" म्हणून आपण सुटतो. तिची स्लिप तुम्ही भरा. किती रक्कम आहे ती तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा. पैसे नसतील तर का नाहीत ते बघा, आधार जोडायचं राहिलंय की हयातीचा दाखला. कुठला कागद कुठे द्यायचा ते मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पासबुकात घालून तिच्या हातात द्या, म्हणजे घरी गेल्यावर नातवाकडून तिला ती वाचून घेता येईल.