‘ज्याअर्थी’चा घोळ आणि मूळ पाप

प्रश्न: ‘ओरिजिनल सिन’ला आदिपाप म्हणावे की मूळ पाप? आणि ही कल्पना बायबलमध्ये नेमकी कुठे आहे?

आधी तक्रार. परवा टीव्हीवरच्या चर्चेत एकाने निविदेतल्या घोटाळ्याला ‘आदिपाप’ म्हटले. अहो, घोटाळ्याची सुरुवात म्हणा! लॅटिन ‘पेक्कातुम ओरिगिनाले’मधला ‘ओरिगो’ म्हणजे उगम, जन्म. तान्हे बाळ काही करायच्या आधीच घेऊन येते ते पाप. सफरचंदाचे सोडा, उत्पत्तीच्या पुस्तकात फळाचे नावच नाही.

खरी गंमत रोमकरांस पत्र 5:12 मध्ये आहे. पौलाचे ग्रीक ‘एफ हो पान्तेस हेमार्तोन’, म्हणजे ‘ज्याअर्थी सगळ्यांनी पाप केले’. जुन्या लॅटिन भाषांतरात त्याचे ‘इन क्वो’ झाले, ‘ज्याच्यात सगळ्यांनी पाप केले’. उद्या कुणी आपल्या ‘ज्याअर्थी’चे ‘ज्याच्या अर्थात’ करावे, तसे! आता ज्याच्यात म्हणजे कशात? लॅटिनमध्ये ‘क्वो’ पापालाही लागतो, माणसालाही. माणूस जन्मतः पापी नसतो म्हणणाऱ्या पेलाजियसच्या अनुयायांशी भांडताना, साधारण 420 साली, लॅटिन चर्चचा धर्मपंडित ऑगस्टीन याने ग्रीक ताडून पाहिले. तिथे पाप, ‘हमार्तिया’, स्त्रीलिंगी, सर्वनाम जुळेना. मग ठरले: ज्याच्यात म्हणजे आदामात. लिंग तपासले, वाक्प्रयोग तपासायचा राहिला! त्याचा विरोधक, एक्लानमचा जुलियन, ‘अहो, इथे अर्थ कारणाचा आहे’ असे सांगत होता. ऐकतो कोण.

म्हणजे मूळ पापाची कल्पना या भाषांतरावर उभी, असे म्हटले की विद्वान डोळे वटारतात. म्हणे बालकांचा बाप्तिस्मा आधीपासून होता, आणि तेर्तुलियन या जुन्या लॅटिन ख्रिस्ती लेखकाने ‘उगमातला दोष’ दोनशे वर्षे आधीच लिहिला होता. मान्य. मग 1546 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने आदिपापावरच्या ठरावात हेच ‘इन क्वो’चे वचन का घेतले? आणि मूळ ग्रीकच वाचणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चने आदामाकडून मरणाचा वारसा मानला, अपराधाचा नाही, हा काय योगायोग? माझ्या मते सगळी मेख त्या दोन शब्दांत आहे.

‘हमार्तिया’ही गोड शब्द. होमरकडे त्याचे क्रियापद भाला हुकण्यासाठी येते. नेम चुकला, एवढेच.

हां, प्रश्न राहिला. मूळ पाप म्हणा. ‘आदि’ने आदाम डोळ्यांपुढे येतो आणि ऑगस्टीनचा वाद तर पाळण्यातल्या पोरावरून होता. शिवाय मूळ नक्षत्रावर जन्मलेले पोर आठवते. आपल्याकडे त्याचा दोष आईबापांना लागतो, तिकडे उलट.